सात मिनिटं

"माका सांगू नको, वाचून दाखय."

फोन उचलल्यावर नमस्काराच्या जागी त्याचं हे वाक्य असायचं. मेल बंद पडला, सर्व्हर बिघडला, असं काही सांगू लागलं की तो अडवायचा. पडद्यावर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचायचं, तो डोळे मिटून ऐकायचा. तुमच्याही गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा असेल, आल्या आल्या सगळं बंद करून चालू करणारा. हा आधी ऐकायचा.

मालवणच्या बाजारात मासे विकून मी तारकर्लीला दोन खोल्या बांधल्या, पाहुण्यांसाठी. दोनाच्या सहा केल्या. माझ्या तोंडाला अख्खा बाजार दबकून होता. नवरा मात्र मऊ. खोली मागणाऱ्या प्रत्येकाला तो मेलवर लांबलचक पत्र लिहायचा: समुद्र कसा आहे, कुठला माड पडला, आज सुरमई आली की नाही.

"आपली पत्रां आपल्याच घरात रवांदेत," म्हणून त्यानं या माणसाकडून जिन्याखालच्या कपाटात स्वतःचा मेल सर्व्हर बसवून घेतला. त्या दिवशी दोघांनी कपाटासमोर नारळ ठेवून देवाला चक्क गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा, लायट गेली तरी पत्र जावंदे."

"व्हय म्हाराजा," नवरा म्हणाला.

"देवाक तरी ठावक आसा काय, ह्या काय तां?" मी विचारलं.

"नसला तर शिकतलो," हा म्हणाला.

नवरा गेला. पत्रं राहिली. दुपारचं काम आटोपलं की मी त्यातलं एखादं उघडून वाचायचे. हे या एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण ती कशी उघडायची ते त्यानंच मला शिकवलं.

गेल्या वर्षी वीज गेली आणि मेल बंद पडला. मी फोन केला. "येतंय. तवसर कोणाक हात लावूक देऊ नको," तो म्हणाला. आठ दिवस झाले तरी पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. कुडाळहून दुसरा माणूस बोलावला. म्हटलं, जुना काढ, नवा घाल, जेवणाआधी आटप. तो म्हणाला, आधी सगळ्याची प्रत काढू, दोन तास लागतील. मी म्हटलं, तितका वेळ नाही.

नवा चढलाच नाही. लाल अक्षरं आली. नवऱ्याची पत्रांची पेटी रिकामी. कुडाळचा माणूस पिशवी उचलून चालता झाला.

मग पुन्हा याला फोन.

"खंय मेललंस आठ दीस?"

"वैभववाडीक, भयणीकडे. वाच."

त्याच्या मागे काहीतरी टुक टुक करत होतं. "तां काय वाजता?"

"इन्व्हर्टर. वाच गो."

माझं इंग्रजी एकेका अक्षराचं. मी अक्षरं सांगत गेले, तो "फुडे" म्हणत गेला. अर्ध्या तासानं म्हणाला, "जुना पुरता गेलाच नाय. आपल्या जाग्यार बसान आसा. मगे नव्याक बसाक जागा खंय?" जुन्याला उठवायचं कसं, तेही त्यानं अक्षराअक्षरानं टाइप करून घेतलं. नवा चढला. पेटी रिकामीच.

"धा मिनटां दी, वयनी. मगे बघूया."

"पाच."

बाजारातली सवय. समोरचा सांगेल त्याच्या निम्म्यावर यायचं, मग हलायचं नाही.

"सात तरी दी."

"सात. घड्याळ लावतंय."

बरोबर सात मिनिटांनी मी फोन लावला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"पत्रां आसत. खंयच जावक नाय. ती कोणाची तां नव्याक कळना नाय, म्हणान तो दाखवणा नाय. मालकाचा नाव लावया."

त्यानं एक ओळ सांगितली. ती मी तीनदा चुकवली. चौथ्यांदा नऊ वर्षांची पत्रं एकाखाली एक पडद्यावर उतरली.

"दिसली?"

"दिसली. आधी इलं असतंस तर ह्या झालाच नसता," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी तो गेल्याचं कळलं. बाराव्याला मी बांद्याला त्याच्या घरी गेले. बायको ओटीवर बसली होती. तिनं सांगितलं, तो बहिणीकडे गेलाच नव्हता. गोव्याला इस्पितळात होता. हातांना सुया, म्हणून फोन तिनंच त्याच्या कानाला धरला होता. बोलायचं म्हणून त्यानं प्राणवायूचा मास्क काढून ठेवला.

"मदी सात मिनटां मास्क लायलो, मगे परत काढूक लायलो," ती म्हणाली. "मी म्हटलंय, वयनीक सांगूया. तर म्हणतत, नको, ती घाबरतली नि चुकीचा टाइप करतली."

मी तिथे रडले नाही. घरी येताना रिक्षावाल्याशी उगाच भांडले.

त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. मी भाव पाडते ते समोरच्याकडे माल आहे हे बघून. त्याच्याकडे किती उरलंय हे त्यानं मला दिसू दिलं नाही. सांगितलं असतं तर दहा काय, सगळी दुपार दिली असती. पत्रांचं काय व्हायचं ते झालं असतं.

सर्व्हर चालतो आहे. हल्ली पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक चौकट येते: नवी आवृत्ती आली आहे, आत्ता घालायची की नंतर? मी चष्मा लावते, सगळं वाचते आणि 'नंतर' दाबते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारते.