वंदनाताई, एम.ए.

अकोल्याच्या जुन्या शहरात वंदनाताईच्या घराला एकेकाळी आतून कडी नव्हती, बाहेरून होती. वडील दालमिलमध्ये हमाल, आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायची, धाकटा भाऊ गजू शाळेत. बारावीच्या परीक्षेआधी ताईला कानात आवाज यायला लागले आणि एका दुपारी ती त्या आवाजांचं ऐकून मोर्णा नदीच्या पात्रापर्यंत चालत गेली. तेव्हापासून घरचे कामावर जाताना बाहेरून कडी लावून जात. त्यात दुष्टपणा नव्हता. घरी थांबलं तर मजुरी बुडायची, एवढंच. अंगारे झाले, दर्ग्यावरचे धागे झाले, उपास झाले. सरकारी दवाखान्यातला मनोविकाराचा डॉक्टर सगळ्यात शेवटी सापडला. गोळ्या लागू पडल्या, पण तोवर तिच्या वर्गमैत्रिणींची लेकरं शाळेत जायला लागली होती.

हे सगळं तिनेच मला सांगितलं. तेही पहिल्याच दिवशी, अमरावतीला राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत, मी अजून पेटीचं कुलूपही उघडलं नव्हतं तेव्हा.

"हे पाह्य सुषमे, मले स्किझोफ्रेनिया हाय. गोया चालू हायेत. मधात कधी मी भिंतीकडं पाहून 'चूप बस' म्हणलं, तं ते तुले नाही म्हणलं. तुले म्हणाचं असलं तं तुह्या तोंडाकडं पाहून म्हणीन."

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. आमच्यात मुलगी एम.ए.ला शहरात राहते हेच मोठं, त्यात खोलीत अशी सोबतीण. फोनवर माय घाबरली. खोली बदल म्हणाली. मी म्हटलं, "माय, ते माह्याहून भांडे चांगले घासते अन् भाडं टायमावर देते." तेव्हा माय "मंग राहू दे," म्हणाली.

ताईने बी.ए. घरूनच, बाहेरून परीक्षा देऊन केलं होतं. एम.ए. मात्र विद्यापीठात, वर्गात बसूनच करायचं, हा तिचा हट्ट. विषय समाजशास्त्र. अकोला सोडून इकडे काहून आलीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "तिथं सारे मले ओळखते. इथं कोणीच ओळखत नाही, तं मीच सांगून टाकतो." आणि खरंच सांगायची. एकदा तास चालू असताना तिच्या तोंडून मोठ्याने "चूप" निघालं. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, ते खडू हातात धरून वळले. ताई उभी राहिली. "सर, तुमाले नाही म्हणलं. तुमी चांगलं शिकवून राहिले." वर्ग हसला, सरही हसले, आणि पुढे वर्षभर कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

तिचा दिवस गोळ्यांच्या हिशोबाने चालायचा. संध्याकाळी लवकर जेवायची, गोळी घ्यायची आणि अंथरुणावर पडता पडता म्हणायची, "आता पुऱ्या दुनियेचा कारभार तुमी पाहा." सकाळी जड डोक्याने उठायची. दुपारीच काय तो अभ्यास. वाचलेलं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावं लागायचं, कारण गोळ्यांनी लक्षात राहायचं नाही. ती तक्रार करायची नाही. "पुस्तक काय, वाया जाते का? परत वाचलं तं झिजत नाही."

तिच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र होतं. त्यावर महिन्याचं अनुदान मिळायचं, त्यातूनच खोलीचं भाडं निघायचं. एसटीत सवलतही होती. कार्ड दाखवलं की कंडक्टर आधी तिच्या हातापायांकडे पाहायचा. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे एकाने विचारलंच, "बाई, अपंगत्व दिसून नाही राहिलं." ताई म्हणाली, "डोक्यात हाय दादा. उघडून दाखवू काय?" त्याने मुकाट्याने तिकीट फाडलं.

घोळ झाला तो गजूच्या प्रेमामुळे. पहिल्या वर्षाचा निकाल लागला, ताई प्रथम श्रेणीत आली. गजू तोवर ऑटो चालवायला लागला होता. आमच्याकडे वाढदिवस असो, निवडणूक असो, नवी गाडी असो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं कुणी मानत नाही. गजूने मित्रांना धरलं आणि गल्लीच्या तोंडाशी हा एवढा फ्लेक्स टांगला. 'आमच्या भगिनी कु. वंदनाताई यांच्या एम.ए. प्रथम वर्षातील घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन.' ताईचा फोटो लहान, शुभेच्छुक म्हणून काळा चष्मा घातलेला गजू मोठा.

ज्या घराला बाहेरून कडी लागायची, त्या घराची पोरगी फ्लेक्सवर आली, याचा त्याला किती आनंद झाला असेल ते मी समजू शकते. पण गल्लीतल्याच कुणीतरी त्या फ्लेक्सचा फोटो काढला आणि तक्रारीच्या अर्जासोबत तहसील कचेरीत पाठवून दिला: बाई पागल म्हणून सरकारचं खाते आणि इकडे एम.ए.त पहिल्या श्रेणीत येते. अनुदान थांबलं. चौकशीसाठी हजर राहा, असं पत्र आलं. अनुदान गेलं तर खोली जाणार, खोली गेली तर एम.ए. जाणार.

त्या काळजीने तिची झोप उडाली. एक दिवस दुपारी पुस्तक मिटून ती म्हणाली, "आवाज वाढले सुषमे. चाल दवाखान्यात." मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी गोळी वाढवली. हात इतके थरथरायला लागले की परीक्षेत एका पेपरला तिला लिहिताच आलं नाही. ती कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आली आणि पायरीवर बसून राहिली. तेवढं एकदाच मी तिला रडताना पाहिलं.

चौकशीच्या दिवशी मी सोबत म्हणून अकोल्याला गेले. घरात वेगळीच तयारी चालली होती. आई म्हणत होती, "बाई, आज केस नोको विंचरू. ते जुनी साडी घाल. काही विचारलं तं जमिनीकडं पाह्य."

"ताई, थोडंसं येड्यावानी कर ना," गजू खाली मान घालून म्हणाला. "माह्यामुळं झालं हे."

ताईने तेल लावलं, वेणी घातली, इस्त्रीची साडी नेसली. "गजू, येडी होतो तवा मी काय करतो ते तुले माहीत हाय. त्याची नक्कल मी करणार नाही. त्याचं मले भेव वाटते."

कचेरीत चौकशीच्या साहेबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही तर चांगल्या दिसता."

"चांगली दिसावं म्हणूनच तं गोया खातो साहेब. न खाता आली असती तं तुमी मले इथं बसू नसतं देलं."

"मग कॉलेज कसं जमतं?"

"जमत नाही. एक पेपर कोरा देऊन आली. जमवून राहिली."

साहेबांनी फ्लेक्सचा फोटो पुढे सरकवला आणि काळ्या चष्म्यावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"तो माहा भाऊ. त्याले काही आजार नाही साहेब, तरी असा फोटो काढला."

बाजूचा कारकून हसला. साहेबांनी हसू दाबलं आणि विचारलं, "बाई, आजार खरा की शिक्षण खरं?"

ताई सरळ त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "दोनी माह्येच हायेत. तुमच्या कागदावर एकापुरतीच जागा असन तं ते कागदाचं पाहा."

पुन्हा तपासणी करून घ्या, असा शेरा मारून साहेबांनी तिला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तपासणीच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. त्या दिवसांत गजू पहाटे रेल्वे स्टेशनवर ऑटो लावायचा आणि महिना भरला की स्वतः खोलीवर येऊन भाडं देऊन जायचा, ताईच्या नजरेला नजर न देता. एकदा तिने त्याला जेवायला बसवलं. भाजी वाढता वाढता म्हणाली, "खाय नीट. फ्लेक्स चांगला होता. माहा फोटो तेवढा मोठा पाह्यजे होता." तेव्हा कुठे तो हसला.

दवाखान्याने आजार आहे असं पुन्हा लिहून दिलं. अनुदान सुरू झालं, थांबलेले महिनेही मिळाले. कोरा गेलेला पेपर तिने पुढच्या परीक्षेत दिला. या वेळी जास्तीचा वेळ मागून घेतला, आणि तो वेळ संपेपर्यंत ती लिहीत बसली होती. माझं तोवर एम.ए. होऊन मी यवतमाळकडे शाळेवर लागले होते. निकाल तिने फोनवर सांगितला. आवाजात काही चढउतार नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसा.

वंदनाताई एम.ए. झाली, द्वितीय श्रेणीत. गोळ्या चालू आहेत, अनुदान चालू आहे. ती तिच्या घरातली पहिली पदवीधर आहे.