बाही दुमडून बसणारे काका

सावंगीच्या दवाखान्यात धाकट्या भावाला लिथियमच्या रक्ततपासणीसाठी नेतो, तेव्हा देवळीचे ते दुकानदार काका हमखास भेटतात. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात, आधीच बाही दुमडून, स्वप्नात असल्यासारखे बसलेले. दोघांनाही बायपोलर आजार, लिथियमची गोळी त्यांना लागू पडली, भावाला अजून नाही. त्यांच्या शांत चेहऱ्याचा मला हेवा वाटतो, मग लाज वाटते.

परवा डॉक्टरांनी दोघांकडे जास्तीचं रक्त मागितलं. लिथियम कोणाला मानवेल हे रक्तावरून आधीच कळतं का, ते शोधायला. सुईला भिणाऱ्या काकांनी डोळे गच्च मिटून हात पुढे केला.

"माह्यावर तं गोळी चालतच नाई, काका," भाऊ पुटपुटला.

"मंग तं तुहं रक्त पयले पायजे! एकट्या माह्यावरून फरक कसा समजन बाप्पा?"

एरवी भावाची बाही मलाच वर सारावी लागते. परवा त्यांच्या शेजारी उन्हात बसून त्याने ती स्वतः दुमडली.