दुसऱ्या क्लॅरिनेटची जागा

गुलाबसिंग हरसिंग आडे. जन्म सन १९५४, उमरखेड तालुक्यातील एका बंजारा तांड्यावर. निधन सन २०२४, त्याच तांड्यावर, स्वतःच्या घराच्या पडवीत. मधली एकतीस वर्षे ते राखीव पोलिसांच्या बँडमध्ये होते आणि त्या सबंध काळात त्यांनी दुसरे क्लॅरिनेट वाजवले. पहिले त्यांना मिळाले नाही असे नव्हे. ते दोनदा देऊ केले गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी सॅल्यूट करून नाकारले. ही गोष्ट तांड्यावर कोणाला खरी वाटत नसे. त्यांच्या मुलालाही ती खरी वाटली नाही, आणि सारे बिनसले ते तेथूनच.

बँडमध्ये पहिले क्लॅरिनेट चाल वाजवते. दुसरे त्या चालीच्या खालून चालते. कधी तिच्या सोबत, कधी विरुद्ध दिशेने, कधी ती थांबली असता एकटेच. ऐकणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. बंद पडले की मात्र काहीतरी गेले असे वाटते. गुलाबसिंगांना ही जागा मनापासून आवडे. निवृत्त होऊन ते गावी परतले तेव्हा त्यांच्या मनात एकच इच्छा होती : आपल्यानंतर त्या जागेवर आपला मुलगा संजय बसावा.

तांड्यावर बँड होता. बँडमधला जुना वादक लखीराम आणि संजय यांची दोन क्लॅरिनेटे, दोन ट्रंपेट, जाड, खालच्या आवाजाचे एक युफोनियम आणि ढोल-ताशे. लग्नसराईत त्यांना पुसद-दिग्रसपर्यंत बोलावणे येई. पण हे सगळे जण एकच चाल, एकाच वेळी, जमेल तितक्या जोराने वाजवीत. गुलाबसिंग पहिल्यांदा ऐकायला गेले आणि वरात संपण्यापूर्वीच उठून आले.

"काय झालं?" रुपीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारले.

"आठ मानसं एकच वाक्य वरडून राह्यली. बोलनं एकाचंबी नाही."

तेव्हाच त्यांनी ठरवले की होळीला तांड्यावर गातात त्या लेंगीची एक चाल चार आवाजांत लिहून काढायची, आणि धाकट्या मुलीच्या, ममताच्या लग्नात ती वाजवायची. प्रत्यक्ष हात लागला तो बऱ्याच वर्षांनी, २०२२ च्या उन्हाळ्यात. तेव्हा ममता उमरखेडला एका सेतू केंद्रात कामाला होती. तिने आपला जुना लॅपटॉप वडिलांना दिला. चित्रातल्या पट्टीवर माऊसने सूर ठेवण्याचे जे संगणकाचे कार्यक्रम असतात ते त्या लॅपटॉपवर चालेनात. उघडले की पंखा घरघरे आणि पडदा गोठे. अखेर तिने दुसऱ्या जातीचा एक कार्यक्रम शोधला. त्यात सूर काढायचे नाहीत, लिहायचे. सुरासाठी इंग्रजी अक्षर, मात्रेसाठी अंक, सप्तक चढवायचे तर अक्षरामागे एक टिकली, उतरवायचे तर स्वल्पविराम. दोन आवाज एकत्र हवे असतील तर दुहेरी कोनी कंसात एकामागे एक लिहायचे आणि मध्ये दोन तिरप्या रेघा द्यायच्या. मग हुकूम द्यायचा, की बँडवाले वाचतात तो पाच रेघांच्या स्वरलिपीचा छापील कागद तयार.

शिस्तीच्या माणसाला हे फार भावले. प्रत्येक बारच्या, म्हणजे ठरावीक मात्रांच्या खंडाच्या, शेवटी उभी रेघ दिली की यंत्र मात्रा मोजून पाही आणि कमी-जास्त भरल्यास ओळीच्या क्रमांकासह कळवी. "बँडमास्तरपेक्षा बरं हाये," ते म्हणाले, "शिव्या देत नाही." हे समाधान दोन दिवस टिकले.

पहिला अडथळा फुटकळ होता. कीबोर्ड मराठीवर राहिला होता, त्यामुळे अंक मराठी पडत होते आणि यंत्र प्रत्येक ओळीवर चूक दाखवीत होते. ममताने हसत हसत कळ फिरवून दिली. दुसरा अडथळा एका कंसाचा. शेवटचा महिरपी कंस मिटायचा राहिला आणि यंत्राने पानभर लाल अक्षरांत तक्रार केली. तीही भलत्याच ओळीची. तिसऱ्या अडथळ्याने मात्र त्यांचा पावसाळा खाल्ला.

त्या लेखनपद्धतीत प्रत्येक सुराचे सप्तक मागच्या सुरावरून ठरे. लिहिणे त्याने सोपे होई. पण दोन आवाजांच्या कंसात दुसऱ्या आवाजाचा पहिला सूर, कागदावर त्याच्या आधी जो सूर लिहिला असेल त्यावरून, म्हणजे पहिल्या आवाजाच्या शेवटच्या सुरावरून, मोजला जाई. गुलाबसिंगांना हे ठाऊक नव्हते. ते सकाळी पहिल्या आवाजाचा शेवट थोडा चढता करीत आणि छापून पाहात, तर दुसरे क्लॅरिनेट एक मजला वर जाऊन किंचाळत असे. ते दुसरा आवाज ओढून खाली आणीत. दुपारी पहिल्याचा शेवट पुन्हा बदलत. आता दुसरा तळघरात.

"मी त्याले हातबी लावला नाही!" ते लॅपटॉपवर बोट रोखून म्हणत. "बदल वरच्यात केला. हा काहून हलला?"

"बा, तुमी कोनाशी भांडून राह्यले?" ममता कामावरून येताच विचारी.

"याच्याशी. याले सांग, ज्याचं त्याले राहू दे."

अखेर ममतानेच त्यातून वाट काढली. दोन्ही आवाज कंसाबाहेर, स्वतंत्र, प्रत्येकाची सुरुवात वेगळी सांगून लिहायचे. त्यांना नावे द्यायची. आणि सगळ्यांत वर, कोणत्या वादकाच्या कागदावर कोणता आवाज छापायचा एवढेच नमूद करायचे. गुलाबसिंगांनी सगळी लेंगी पुन्हा लिहिली. वर क्लॅरिनेटांच्या दोन ओळी आल्या. पहिला आवाज : लखीराम. दुसरा आवाज : संजय. त्यानंतर दुसरा आवाज कधी हलला नाही.

या वाटपामागे त्यांचा हिशेब साधा होता. लखीराम चालीखेरीज दुसरे काही वाजवू शकत नव्हता; कागद समोर ठेवी, पण वाजवी कानाने. संजयला मात्र त्यांनी लहानपणीच पाच रेघा शिकवल्या होत्या, आणि त्याचा कान पक्का होता. म्हणून अवघड ते त्याच्याकडे. हा हिशेब त्यांनी कोणालाही सांगितला नाही. सांगण्याची गरज असते हेच त्यांना माहीत नव्हते. बँडमध्ये कागद हातात पडला की माणूस वाजवू लागतो.

दिवाळीनंतर समाजमंदिरात पहिली तालीम झाली. संजयने कागद घेतला, ओठांतल्या ओठांत दोन ओळी वाचल्या आणि क्लॅरिनेट खाली ठेवले.

"बा, यात गानंच नाही."

"हाये. वाच पुढं."

"वाचलं. गानं लखीरामकाकाच्या कागदावर हाये. मले उरलंसुरलं."

गुलाबसिंगांना मास्तर म्हणणारा लखीराम हसला. "अरे, वाटून खा म्हनते मास्तर."

"तुमाले हसू येते, काका. वरातीत नोट कोनाच्या डोक्यावरून ओवाळतेत? चाल वाजवनाऱ्याच्या. मी पंधरा वर्षं चाल वाजवून राह्यलो. लोकं मले वळखतेत ते त्यासाठी. अन् आता सख्ख्या बहिनीच्या लग्नात मी मागं उभा राहून पुकपुक करू?"

गुलाबसिंग तावातावाने म्हणाले, "एकतीस वर्षं केली म्या पुकपुक."

"तुमाले पुढं येऊच दिलं नसन कोनी," संजय म्हणाला, आणि बोलल्याक्षणी त्याचे त्यालाच वाईट वाटले असावे, कारण तो लगेच बाहेर निघून गेला.

दोनदा सॅल्यूट करून नाकारलेल्या जागेची गोष्ट पुन्हा एकदा, कारणासह सांगण्याचा तो क्षण होता. गुलाबसिंगांनी ती सांगितली नाही. त्यांनी संजयचा कागद उचलला, घडी न घालता पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले, "चला, पहिल्यापासून." दुसऱ्या आवाजाविना तालीम झाली. ती त्यांना ऐकवेना, पण ते बसून राहिले.

संजय तालमीला पुन्हा आला नाही. उमरखेडमध्ये एकाने टेम्पोवर कीबोर्ड आणि मोठे स्पीकर बसवले होते. तो त्याच्यासोबत जाऊ लागला. त्या कीबोर्डात क्लॅरिनेटही होते आणि ट्रंपेटही, एकाच बोटाखाली. घरी बाप-लेकाचे बोलणे सोयाबीनच्या भावापुरते आणि विहिरीवरच्या मोटारीच्या वायरपुरते उरले. गुलाबसिंग मात्र रोज सकाळी लॅपटॉप उघडत आणि न वाजणारा दुसरा आवाज अधिकाधिक नेटका करीत. श्वासाची खूण येथे हवी की तेथे, सूर जोडणारी बंधनाची रेघ वरून जावी की खालून, यावर त्यांचे तास जात. छापील पानावर एक रेघ दुसरीला चिकटली तरी त्यांचे डोके उठे.

रुपीबाई पडवीत तूर निवडीत असत. एका सकाळी त्यांनी सूप खाली ठेवले.

"त्या डब्याले तुमी एकेक गोष्ट किती समजावून सांगता. हे इथं, ते तिथं, इतकं लांब, इतकं खाली. तितकं पोराले सांगता येत नाही?"

"त्याले कागद देल्ला होता."

"कागद!" रुपीबाई म्हणाल्या. "मले लग्नाची मागनी घालाले आलते तवाबी तुमी एक शबद बोलले नाही. तुमच्यासंगं आलेल्या भिवजीनंच सगळं सांगतलं. म्हनून मी हो म्हनलं. आता भिवजी मेला. आता कोन सांगीन?"

 त्या दिवशी गुलाबसिंगांनी लॅपटॉपवरच्या फाइलचा माथा उघडला. गेले काही महिने ममता सांगत होती की सगळ्या फाइलीत बदलायला सोपी अशी ही एकच जागा आहे. त्यांनी 'लखीराम' पुसले आणि तेथे 'संजय' लिहिले. खाली 'संजय' होते तेथे 'गुलाबसिंग'. हुकूम दिला. यंत्राने एकही तक्रार केली नाही. पावसाळाभर छळणारे ते यंत्र या एका बदलाला मुकाट्याने हो म्हणाले, याचाच त्यांना राग आला.

एक अडचण होती. तिचा यंत्राशी संबंध नव्हता. वरच्या बाजूची कवळी बसवल्यापासून त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावले नव्हते.

लग्न २०२३ च्या वैशाखात झाले. संजय आला, बहिणीचे लग्न होते, टेम्पोवरचे काम त्याने त्या दिवसापुरते दुसऱ्याकडे सोपवले होते. गुलाबसिंगांनी त्याला कागद दिला. संजयने वरचे नाव वाचले, मग पहिली ओळ.

"बा, हे तर चालीचं हाये."

"हो."

"अन् खालचं कोन वाजवते?"

"मी."

संजय कागद पुन्हा वरून वाचू लागला. लखीराम बोलला. "मंग मी काय घरी जाऊ?"

"तूबी चालच वाजव, लखीराम. तुले दुसरं येते का काही?"

"हे बरं केलं मास्तर, जाता जाता इज्जत काढली!" लखीराम म्हणाला, पण त्याने फुंकायची पत्ती ओली करून वाद्याला बसवली.

वरात निघाली. पहिल्या आठ बारांपर्यंत सारे जमले. चाल नेहमीचीच होती, पण तिच्याखाली आता कोणीतरी चालत होते, आणि एका ठिकाणी चाल थांबली असता ते एकटेच पुढे गेले आणि तिला घेऊन आले. संजयने वाजवता वाजवता मान वळवली. नवव्या बाराला कवळी सरकली. क्लॅरिनेट चिरकले, लहान पोरे खिदळली, गुलाबसिंगांनी पुन्हा धरून पाहिले आणि पुन्हा तेच. मग त्यांनी वाद्य काखेत घातले आणि उरलेली वाट ते नुसते बरोबर चालले. नोटा संजयच्याच डोक्यावरून ओवाळल्या गेल्या.

मांडवाजवळ संजय त्यांच्यापाशी आला. "बा, ते खालचं काहून बंद केलं? मले तिथून पुढं वाजवता येईना. पायाखालची पायरी काढल्यावानी झालं."

"दात," गुलाबसिंग चिडून म्हणाले. मग त्यांनी खिशातून स्वतःचा कागद काढून त्याच्यापुढे धरला. "घे. शिक."

संजयने तो घेतला आणि शिकलाही. पण त्याच उन्हाळ्यात लखीराम मुलाकडे नांदेडला राहायला गेला, ट्रंपेटवाले टेम्पोकडे गेले आणि बँड मोडला. बाप-लेकांनी दोन्ही आवाज एकत्र ऐकावेत असा दिवस मिळाला नाही. पुढच्या हिवाळ्यात, २०२४ च्या जानेवारीत, गुलाबसिंग गेले.

तेराव्याला संजयने दुसरा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकट्याने वाजवला. जमलेल्यांनी शांतपणे ऐकून घेतला. नंतर एका म्हाताऱ्याने विचारले, "हे कोन्तं गानं, बाबू?" लेंगी आहे असे सांगितले तर त्याने नकारार्थी मान हलवली; लेंगी त्याला जन्मापासून पाठ होती.

"अर्धी हाये," संजय म्हणाला. त्याचा आवाज चिडका होता, अगदी वडिलांसारखा.

क्लॅरिनेट संजयकडे राहिले. लॅपटॉप ममताकडे गेला. फाइल त्यात आहे, आणि तिच्या माथ्यावरची नावे संजयने पुन्हा बदलून घेतली आहेत. पहिला आवाज : लखीराम. दुसरा आवाज : संजय. लखीरामला फोन केला तेव्हा तो होळीला येतो म्हणाला. ती होळी झाली. तो अजून आलेला नाही.