मयतीला निघालेला भाऊ

त्या दिवसाचं काहीही आठवायला बसलो की आधी ऊन आठवतं. मे महिना सरत आला होता, टाळेबंदीला दोन महिने झाले होते आणि साकोलीजवळच्या महामार्गावर आमचा नाका लागलेला होता. मी साकोली ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. हे दीड वर्ष शांततेत काढायचं असं मी मनाशी ठरवलं होतं, त्यामुळे ते तसं जाणार नव्हतंच.

पोलिसाला चोर पकडायची सवय असते. त्या वर्षी आम्ही चालणारी माणसं पकडत होतो. तेलंगणात मिरची तोडायला गेलेली कुटुंबं पोराबाळांसह पायी परतायची. कुणी दुधाच्या गाडीत बसून यायचं, कुणी सासुरवाडीत अडकलेला जावई आडवाटेनं सटकायचा. नाक्यावर एक रजिस्टर होतं. नाव, गाव, कुठे जाणार, कारण आणि शरीराचं तापमान, एवढे रकाने भरले की माणूस सोडायचा किंवा परत पाठवायचा. कारणात 'मयत' लिहिलं असेल तर त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन करून खातरजमा करायची, असा मीच आदेश काढला होता. कारण लोक जिवंत आत्याला दोनदोनदा मारून प्रवास करू लागले होते.

त्या दिवशी पावणेबाराला नाक्यावरून एक साठीचा माणूस सायकलनं गेला. नाकाडोंगरीच्या बाजूच्या एका खेड्यातला, धानाची शेती करणारा. लाखांदूर रस्त्यावरच्या एका गावात, आमच्याच हद्दीत, बहीण वारली म्हणून मातीला चालला होता. माझ्या हवालदारानं नोंद केली, कपाळावर यंत्र धरलं, सोडून दिलं आणि पोलीस पाटलाला फोन लावला.

पोलीस पाटील म्हणाला, "आपल्या गावात कोनी मेलंच नाई जी."

हवालदारानं मला कळवलं. मी म्हटलं, आणखी एक आत्या. पण तासाभरात ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा तोंडावर फडकं धरून बोलत असावा. "साहेब, त्या घरातली बाई मेली. पोरगा सकाळी फोनवर रडून राहिला होता, 'आई गेली' म्हने. आता दार लावून चूप बसलेत. कोरोनानं गेली असन. लपवून राहिले."

आता गोष्ट वेगळी झाली. मयत लपवली असेल तर अख्खं गाव धोक्यात होतं. शिवाय बाई कशानं गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, हवालदाराला नाक्यावरून उचललं आणि जीप काढली. जाताना डोक्यात एकच प्रश्न होता, प्रेत कुठे आहे? रस्त्याकडे मी पाहिलंही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते मला फार लागलं.

घर सारवलेलं, दार अर्धं लोटलेलं. बाईचा मुलगा बाहेर आला. तिशीचा असेल. डोळे लाल नव्हते, पण नजर जमिनीवरून उचलत नव्हता.

"आई कुठं आहे?"

"मामाच्या गावाले गेली."

"कधी?"

"काल."

"कशानं गेली? बस बंद, काळीपिवळी बंद. उडून गेली?"

मी आवाज चढवला. साथीचा कायदा सांगितला, कलम १८८ सांगितलं, गाव सील होईल म्हणालो. चौकशीत माणूस खोटं का बोलतो हे कळलं की अर्धं काम झालेलं असतं. हा पोरगा गुन्हा लपवणाऱ्यासारखा घाबरलेला नव्हता. तो शरमलेला होता. हा फरक मला चौतीस वर्षांच्या नोकरीनं शिकवला होता, पण त्या दिवशी दिसूनही मी ओरडतच राहिलो.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. पन्नाशी उलटलेली एक बाई पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "त्याच्यावर काहून चिल्लावता साहेब? मीच हाय ते मेलेली."

हवालदाराला हसू आवरेना. मलाही आलं, पण वर्दीत होतो.

मग सगळं बाहेर आलं. पहाटे बाई अंगणात सडा टाकत होती. एक कावळा झपकन आला आणि तिच्या डोक्यावर बसला. आमच्या झाडीपट्टीत हा मोठा अपशकुन. ज्याच्या डोक्यावर कावळा बसला त्याचं मरण जवळ आलं असं मानतात. त्यावर उपायही आहे. त्याच्या रक्ताच्या कुणालातरी, कावळा बसलेला माणूस मेला, अशी खोटी खबर द्यायची. त्यानं मनापासून रडायचं. एकदा रडणं झालं की मरणाचं देणं फिटलं. मग अर्ध्या तासात खरं सांगून टाकायचं, की दोन्हीकडे हसणं.

"एरवी जवळच्याले सांगतो जी आमी," मुलगा म्हणाला. "पन जवळचा रडत दारात आला असता. गर्दी झाली असती, लोक म्हनले असते कोरोना. म्हनून लांबच्या मामाले सांगतलं. गाड्या बंद हायेत, तो कसा येईल, असं वाटलं."

"मग खरं केव्हा सांगितलं?"

"फोन लावून राहिलो ना सकाळपासून. वाजते, पन उचलत नाई. शेतात गेला असन म्हनलं. अन् गावात रोज भोंगा फिरते, अफवा पसरवली तं गुन्हा. म्हनून तुमाले पाहून खोटं बोललो."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "पन हे मयतीचं तुमाले कोनी सांगतलं साहेब?"

मी सांगितलं, तिचा भाऊ सायकलनं निघाला आहे, पावणेबाराला आमच्या नाक्यावरून पुढे गेला. घड्याळात अडीच वाजले होते. नाका ते गाव अठरा किलोमीटर. सत्तरच्या वर किलोमीटर तुडवून आलेला माणूस शेवटच्या अठराला थांबत नाही. तो एक-दीडपर्यंत दारात हवा होता.

बाई म्हणाली, "मी वाचली अन् तो गेला का हो? माहं मरन तेच्यावर गेलं का?"

मी म्हटलं, "बाई, मी आणतो त्याला."

मी नाकाडोंगरीच्या बाजूच्या ठाण्याला फोन केला. तिथल्या शिपायानं वीस मिनिटांत कळवलं, घराला कडी आहे, आत बाजेवर फोन वाजतो आहे, शेजारी म्हणतात म्हातारा उजाडताना रडतच सायकलवर बसला. बायको वारलेली, घरात दुसरं कुणी नाही. खरी खबर सकाळपासून त्या बंद घरात वाजत होती.

आम्ही जीप हळू चालवत परत निघालो. मोहाच्या प्रत्येक झाडाखाली पाहिलं, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर पाहिलं, प्रवासी निवाऱ्यात पाहिलं. डांबर वितळून चाकाला चिकटत होतं. कुठे सायकल नाही, माणूस नाही. गुराख्यांनाही विचारलं. सकाळपासून या रस्त्यानं सायकलवाला गेलाच नाही, असं दोघांनी छातीठोक सांगितलं.

म्हणजे नाका ओलांडून तो लाखांदूर रस्त्याला लागलाच नव्हता.

मी हवालदाराला म्हटलं, "नीट आठव. त्याच्याजवळ काय होतं?"

"काहीच नाही साहेब. कॅरिअर रिकामं. हँडलला एक रिकामी पिशवी."

रिकामी पिशवी. माझी आई गेली तेव्हा माझा मामा तुमसरहून आला होता. त्याच्या काखेत लुगडं होतं. सवाष्ण असो की विधवा, बाईला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. ते आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. मामा उशिरा आला आणि आम्ही दोन तास थांबलो होतो, हे मला लख्ख आठवलं. कोणता भाऊ बहिणीच्या मातीला रिकाम्या हातानं जाईल? आणि बाजार बंद असताना तो लुगडं कुठून आणेल?

जीप साकोलीच्या बाजारात वळवली. सगळी शटर खाली. चौकशी केल्यावर कळलं की तीन कापडवाल्यांची घरं दुकानांच्या मागेच आहेत. पहिल्या दोन ठिकाणी काही नव्हतं. तिसऱ्यानं दार जरा जास्तच लवकर उघडलं आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "दुकान बंद आहे साहेब, दोन महिन्यांपासून उघडलंच नाही."

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं की पोलीस थांबतो. मी त्याला दम दिला. दुकान उघडल्याबद्दल परवाना जाईल म्हणालो. तो आणखी घट्ट मिटला. हात जोडून नुसता उभा राहिला. मी चुकीची चावी फिरवत होतो. शेवटी थकून मी खरं तेच बोललो.

"शेटजी, दुकानाचं जाऊ द्या. एक म्हातारा बहिणीसाठी लुगडं घ्यायला आला असेल. त्याची बहीण जिवंत आहे. तेवढंच त्याला सांगायचं आहे."

दुकानदाराचे जोडलेले हात खाली आले. "जिवंत आहे?" तो म्हणाला. "अहो, तो तर आत पडला आहे, लुगडं छातीशी धरून."

मागच्या गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये सतरंजीवर तो माणूस होता. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, अंग तापलेलं. लुगडं निवडतानाच तो कोसळला होता. दुकानदार आणि त्याची बायको तीन तास त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवत होते. दवाखान्यात न्यावं तर दुकान उघडल्याचं उघडं पडेल, म्हणून घाबरून बसले होते. त्याहून वाईट म्हणजे तो पाणी पीत नव्हता. घरून निघाल्यापासून त्यानं थेंब घेतला नव्हता.

"माती होयेपर्यंत पानी नाई," तो पुटपुटला.

मी खाली बसलो. म्हटलं, "काका, तुमची बहीण जिवंत आहे. मी आताच तिला पाहून आलो."

त्यानं डोळे न उघडताच मान हलवली. "पोलीस असंच सांगते, धीर द्याले."

मी पोलीस पाटलाला फोन लावला. तो धावत बाईच्या घरी गेला. त्या दोन-तीन मिनिटांत मी कधी नव्हे ते देवाचं नाव घेतलं. मग फोनमधून बाईचा आवाज आला आणि मी तो म्हाताऱ्याच्या कानाला लावला. गोदामात सगळ्यांना ऐकू येत होतं.

"दादा! अरे, मी जिती हाय रे! कावळा बसला होता डोक्यावर, म्हनून पोरानं खोटं सांगतलं. तू उन्हातानात काहून निघाला? जीव द्याचा होता का? पानी पे आधी. पेतो का नाई?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एवढ्या कोरड्या देहात ते कुठून आलं कोण जाणे. बाई श्वास घ्यायला थांबली तशी तो म्हणाला, "बोल अजून."

ती बोलत राहिली. रागावली, रडली, पुन्हा रागावली. दुकानदाराच्या बायकोनं त्याला टेकू देऊन बसवलं आणि चमच्या-चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजलं. अर्धा पेला गेल्यावर त्यानं छातीवरचं पांढरट लुगडं बाजूला सारलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हे ठेवा वापस. जित्या बाईचं दाखवा."

त्या दिवशी मी गुन्हा कुणावरच दाखल केला नाही. डायरीत लिहिलं, 'मयतीची खबर चुकीची निघाली, इसम मिळून आला, प्रकृतीस्तव रुग्णालयात पाठवला.' पोलिसी भाषेत एवढंच मावतं. दुकानदाराला मी बजावलं, पुढच्या वेळी दवाखाना आधी, भीती नंतर. कावळ्याबद्दल त्या घराला भाषण दिलं नाही. बाई स्वतःच कान पकडून बसली होती.

म्हाताऱ्याला दोन दिवस सलाईन लागलं आणि मग नियमाप्रमाणे बहिणीच्या गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. बहीण रोज दोन्ही वेळा डबा घेऊन यायची, फाटकाशी ठेवायची आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहायची. तो वऱ्हांड्यात बसून जेवायचा आणि दोघं लांबून ओरडून बोलायची. पोलीस पाटील सांगायचा, साऱ्या गावाले तेंच्या लहानपनच्या गोष्टी पाठ झाल्या.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं माझी मुलं विचारतात. मी सांगतो, माझ्या नाक्यावर त्या माणसाचं नाव लिहिलं गेलं, गाव लिहिलं गेलं, ताप मोजला गेला. पण कुणी त्याला पाणी विचारलं नाही, आणि तसं विचारायला मीच सांगितलेलं नव्हतं. मी भर दुपारचे दोन तास मेलेली बाई शोधण्यात घालवले आणि त्याच वेळी जिवंत माणूस माझ्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर मरायला टेकला होता. दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर दोन मोठे माठ ठेवायला लावले आणि आधी पाणी, मग रजिस्टर, असा तोंडी हुकूम दिला. ते काम फार उशिरा केलं, हे मला मान्य आहे.

पंधराव्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्या शाळेवर गेलो. डॉक्टरांचा कागद आला होता. फाटक उघडलं. म्हातारा हातात हिरवं लुगडं घेऊन बाहेर आला आणि सवयीनं दहा पावलांवर थांबला. बहीणही थांबली. दोघं एकमेकांकडे पाहत होती, पुढे कुणी सरकेना. मग ती माझ्याकडे वळली.

"साहेब, आता हात लावू का तेले?"

माझ्या नोकरीत लोकांनी माझ्याकडे मिरवणुकीची परवानगी मागितली, भोंग्याची मागितली, बंदुकीची मागितली. मी कधी दिली, कधी नाकारली, आणि त्या अधिकाराचा मला गर्वही होता. त्या सकाळी पहिल्यांदा त्याची लाज वाटली. मी नुसती मान डोलावली आणि वर्दीतली टोपी काढून दुसरीकडे पाहत उभा राहिलो.