राऊत सर आणि साठ टक्क्यांवरचा डंप

राऊत सर गेल्याचं कळलं तेव्हा मी बोळिंजच्या भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. सकाळची वेळ, ऑफिसला निघायची घाई, आणि फोनवर वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, नंबर. "मेधा, हे गेले गं. वाडीत केळीला पाणी सोडायला गेले होते, तिथेच बसले ते उठलेच नाहीत..." एवढंच त्या बोलल्या. मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो असा, की यांना जे सांगायचं होतं ते आता राहिलंच. एक खोटं मी त्यांच्याशी बोलले होते. ते त्यांनी खरं मानलं आणि त्यापायी त्यांचं नाव गेलं. आज सांगू, उद्या सांगू करत मी बारा वर्षं काढली. आता या गोष्टीला महिना उलटून गेला, तरी माझा पाय एका जागी ठरत नाही. चहा ठेवते आणि गॅलरीत जाते, गॅलरीतून परत आत येते, तोवर चहा उतू गेलेला असतो.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमचं सर्व्हरचं केंद्र होतं. कंपनी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांची. गावोगावच्या केंद्रांवरचे रिपोर्ट आमच्या मशीनमधून जात. सर तिथले जुने जाणते. आगाशीचे वाडीवाले, पिढ्यान् पिढ्या केळी आणि नारळ करणारे, आणि या घरातला हा पहिला माणूस संगणकाच्या नादाला लागलेला. मी सांगलीकडची, नोकरीला वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि स्वभावाने अशी की लिफ्ट यायच्या आधी दोनदा बटण दाबणारी. सर मला 'मेधाबाई' म्हणायचे, ते मान म्हणून नव्हे तर चिडवायला. "मेधाबाई, सुकेळी खा. राजेळी केळं सोलून उन्हात घातलं की आठवडाभर त्याला नुसतं बघायचं. तुमच्यासारख्या माणसाने केली तर दुसऱ्या दिवशीच तव्यावर परतून मोकळी होईल." मग सुक्या पानात बांधलेली सुकेळी टेबलावर ठेवायचे, आणि मी त्यातली अर्धी जेवणाच्या सुट्टीआधीच संपवायचे.

त्या वर्षी आम्ही आठ प्रोसेसरचं नवं मशीन घेतलं आणि ते दर चार-सहा दिवसांनी कोसळायला लागलं. कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी, ना ताळ ना तंत्र. पडद्यावर दर वेळी एकच ओळ यायची, पाच नंबरच्या प्रोसेसरवर बिघाड. सगळे म्हणाले, पाच नंबर बदला. सर म्हणाले, "बदला, पण उपयोग नाही. इथे चोराच्या उलट्या बोंबा नाहीत, ज्याच्या घरी चोरी झालीय तो बोंबलतोय. चोर दुसराच कुणीतरी आहे आणि तो पुढे निघून गेलाय." पाच नंबर बदलला. चौथ्या दिवशी मशीन पुन्हा आडवं झालं, ओळ तीच. मग सरांनी त्यांच्या पद्धतीने सुरुवात केली. एक प्रोसेसर बंद करायचा, मशीन चालवायचं, थांबायचं, लिहायचं. एका वेळी एकच बदल. एकाच प्रोसेसरवर चालवलं तर मशीन कधीच पडत नाही, आणि जितके जास्त लावू तितकं लवकर पडतं, एवढं त्यांनी पक्कं केलं. मला समजावताना म्हणाले, "दोघी जावा एकाच आमटीपाशी आहेत. दोघींनी चव घेतली, दोघींना अळणी लागली, आणि दोघींनी मीठ घातलं. चूक एकीचीही नाही, पण आमटी गेली. एकटी असती तर बिघडलं नसतं. आता कुठल्या जावा आणि कुठली आमटी, ते शोधायचंय."

ते शोधायचं साधन एकच होतं. मशीन कोसळलं की त्या क्षणी त्याच्या स्मरणात जे जे असेल ते सगळं डिस्कवर उतरवून घेता येतं. त्याला आम्ही डंप म्हणतो. त्याला पाऊण तास लागायचा, पडद्यावर टक्के सरकत राहायचे, आणि तोवर मशीन बंदच. सरांचा नियम होता, पंचनामा झाल्याशिवाय मढं हलवायचं नाही. जुन्या मशीनचा डंप चालू असला की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून पुढे उभे राहायचे. वरिष्ठांचे फोन आले की म्हणायचे, "चालू आहे साहेब, चालू आहे," आणि ठेवून द्यायचे. नव्या मशीनवर आधीच्या खेपांना डंपची सोयच नीट बसवलेली नव्हती. ती सरांनी खपून बसवली आणि आठही प्रोसेसर लावून ते पुढच्या कोसळण्याची वाट बघत बसले. सगळा शोध त्या एका डंपावर येऊन ठेपला होता.

मशीन कोसळलं त्या दुपारी सर हेड ऑफिसला मीटिंगला गेले होते. मी फोन केला. "डंप सुरू झालाय ना? मग हात मागे बांधून उभी राहा. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग," ते म्हणाले. मी उभी राहिले. दहा टक्के, वीस टक्के... मॅनेजरांचा फोन आला, केंद्रांवर पेशंट खोळंबलेत, मशीन कधी चालू होणार? मी म्हटलं, अजून थोडा वेळ. पुन्हा फोन आला. तिसऱ्या फोनला ते म्हणाले, "तुम्ही तिथे नुसत्या बघत उभ्या आहात का?" या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. मी नुसती बघत उभी असणारी बाई नाही, हे दाखवायला मी पुढे झाले आणि मशीन पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं. पडद्यावर साठ टक्के होते. डंप उत्तम चालला होता, एकसष्टचा आकडा पडतच होता. डंप अर्धवट तुटला, मशीन सुरू झालं, रिपोर्ट निघाले आणि मॅनेजरांनी शाबासकी दिली.

संध्याकाळी सर धावतपळत आले. "डंप?" मी म्हटलं, "साठ टक्क्यांवर अडकला, सर. हलेचना. शेवटी बटण दाबलं." ते रागावले नाहीत. रागावले असते तर कदाचित मी खरं बोलून गेले असते. त्यांनी नोंदींची लांब वही उघडली. "किती वेळ अडकला होता?" "पंधरा मिनिटं." "घड्याळ बघितलंस?" "हो." त्यांनी लिहून घेतलं. माझ्या शब्दाचं त्यांच्या वहीत निरीक्षण झालं, आणि वहीतल्या निरीक्षणावर संशय घ्यायची त्यांना सवय नव्हती.

पुढचं सगळं त्यातून ओळीने आलं. डंप अडकतो, म्हणजे डंपच्या वाटेतच काहीतरी दोष आहे. साक्षीदार बेभरवशाचा असेल तर पुन्हा मशीन पाडून घेण्यात अर्थ काय? म्हणून सरांनी सात प्रोसेसर बंद केले आणि मशीन एकावर चालवलं. ते पडत नव्हतं, पण बैलगाडीच्या चालीने चालायचं. रिपोर्टना उशीर होऊ लागला, तक्रारी वर जाऊ लागल्या, आणि सर डंप का अडकला ते शोधत बसले. डिस्क, केबल, कार्ड... एकेक बदलून बघायचं तर मशीन बंद ठेवायला हवं, आणि ते फक्त रविवारी शक्य होतं. असे पाच रविवार त्यांनी त्या खोलीत घालवले. दोन रविवार मीही गेले होते. पेचकस हातात देत होते त्यांच्या. जी चूक झालेलीच नव्हती ती शोधायला मी त्यांना मदत करत होते. एकदा तोंड उघडलंही होतं. ते मशीनच्या मागून म्हणाले, "काय गं?" आणि मी म्हटलं, "चहा आणू का?"

रविवार हा त्यांचा वडिलांचा दिवस होता, हे मला माहीत होतं. वडिलांना अर्धांगाचा झटका आलेला, ते आगाशीच्या घरी अंथरुणाला खिळलेले. दर रविवारी सर त्यांची दाढी करायचे. सोमवारी आले की सांगायचे, काल बाबा हसले, काल बाबांनी वस्तऱ्यावरून दोन शिव्या घातल्या. घरच्या बोलीत त्यांच्याशी फोनवर बोलायला लागले की मला निम्मं कळायचं नाही, पण सरांचा आवाज लहान मुलासारखा व्हायचा ते कळायचं. त्या रविवारांतच वडील वारले.

सर तेरावं करून परत आले तेव्हा डोक्यावरचे केस उतरवलेले होते. तोवर मॅनेजरांनी मशीन बाहेरच्या मंडळींच्या हाती दिलं होतं. त्यांनी आठही प्रोसेसर चालू केले, तिसऱ्या दिवशी मशीन पडलं, डंप पाऊण तासात शंभर टक्के उतरला, आणि त्यांना दोन दिवसांत दोष सापडला. एका प्रोग्रामचे दोन धागे, म्हणजे शेजारी शेजारी चालणारी दोन कामं, एकाच जागी एकाच वेळी लिहीत होते. सरांच्या दोन जावा. हे ऐकून सरांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. मग त्यांचा चेहरा उतरला. "डंप पूर्ण झाला? काही न बदलता? मग त्या दिवशी का अडकला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, संशयाने नव्हे, सोबतीची अपेक्षा असते तसं. मी म्हटलं, "कोण जाणे, सर."

त्यांना त्या खोलीतून काढून पासवर्ड आणि प्रिंटरच्या तक्रारींवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. ऑफिसात एखादं काम लांबलं की 'त्याचा राऊत झाला' म्हणायची पद्धत पडली. मीही त्याला हसलेय, दोनदा तरी. त्यांच्या जागी मला बसवलं.

शेवटची भेट आगाशीच्या बाजारात झाली, दोन-तीन महिन्यांपूर्वी. हातात नारळाची पिशवी, अंगात गंजीफ्रॉकवर शर्ट, बटणं उघडी. घरचं विचारून झालं, गुडघ्यांचं झालं, आणि मग नेहमीसारखं आलंच, "मेधाबाई, ते साठ टक्के काही डोक्यातून जात नाहीत हो. कधीकधी पाणी सोडताना वाटतं, आत्ता सुचणार." मी म्हटलं, "सर, मला तुम्हाला..." तेवढ्यात विरारची बस आली. ते म्हणाले, "जा जा, पुढची अर्ध्या तासाने आहे." मला अर्धा तास थांबता आलं असतं. मी बसमध्ये चढले.

गेल्या पंधरवड्यात मी वहिनींकडे गेले. पडवीत बसून सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये थांबले असते तर परत सुरू झाले नसते म्हणून. त्या नारळाच्या शेंड्या काढत होत्या, ऐकताना हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "हे मला का सांगतेस? मला त्या डंपातलं काय कळतं?" दुसरा नारळ हातात घेत म्हणाल्या, "बाबा दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत गळ्याला. न्हावी आणला तर तोंड फिरवलं. मी गेले वस्तरा घेऊन, तर म्हणाले, तो येईल. दाढी वाढलेलीच होती गेले तेव्हा. ह्यांनी नंतर केली, स्वतःच्या हाताने." मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही, पाणीही दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी म्हटलं, सरांची वही असेल तर त्यात खरं कारण लिहू का? "वही माझ्याकडे राहील," वहिनी म्हणाल्या. "कपाटातल्या वहीत लिहून कुणाला कळणार? जे ह्यांना हसले त्यांना सांग. पेपरात लिहितेस ना तू अधूनमधून? तिथे लिही." मी हो म्हटलं. दारापर्यंत आल्या, पण परत ये म्हणाल्या नाहीत.

हा लेख पाठवण्याआधी मी काल पुन्हा आगाशीला गेले आणि त्यांना वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. एकाच ठिकाणी त्यांनी थांबवलं. "पाच नाही, सहा. सहाव्या रविवारी तरी येतील म्हणून बाबांनी सकाळीच तोंड पुसून घेतलं होतं. सोमवारी गेले." मी पेन काढलं आणि पाच खोडायला लागले, तर म्हणाल्या, "खोडू नको. हे वहीत कधी काही खोडायचे नाहीत. चुकलेलं चुकलेलं ठेवायचे आणि खाली बरोबर काय ते लिहायचे." म्हणून वरचा पाच आकडा तसाच ठेवलाय.

दुरुस्ती : रविवार सहा होते. डंप अडकला नव्हता. बटण मी दाबलं.