डेक्लनच्या खिडकीतली सतार

बाबांच्या सतारीच्या रेकॉर्डचं कव्हर एका कोपऱ्यात फिकट झालंय. लॉकडाऊनमध्ये ती ऐकायला दिली, तेव्हा आयर्लंडमधल्या डून लेरी गावातल्या आमच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यानं, डेक्लननं, ते सॅनिटायझरनं पुसलं होतं. दर रविवारी दुपारी तो खिडकीत प्लेअर लावायचा आणि मी माझ्या बाल्कनीत चहा घेऊन बसायचे. एक बाजू संपली की तो ओरडायचा, "उलटू का?" मी त्याच्याच आयरिश ढंगात म्हणायचे, "ग्रँड!", म्हणजे 'हो, चालेल!'

त्या रविवारी सतारीची बाजू संपली, तरी सुई खर्र-खर्र फिरतच राहिली. वाटलं, चहा करत असेल. ऊन इतकं छान होतं की मी डोळे मिटून ती खरखरही ऐकत बसले. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली आणि सायरन न वाजवता त्याला घेऊन गेली.

अजूनही ही रेकॉर्ड लावते. बाजू संपली की मात्र, कुणीतरी विचारेपर्यंत, माझा हात उठत नाही.