बाबांच्या बसला नेट कोणाचं

माझे वडील एकोणतीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. मलकापूर-बुलढाणा ही त्यांची नेहमीची फेरी. मधे आमचं मोताळा आणि मोताळ्यापुढे राजूर घाट. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याबद्दल त्यांना बिल्ला मिळाला, तो ते रोज सदऱ्याला लावून ड्युटीवर जायचे.

रिटायर झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ते रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसत. कोणती गाडी उशिरा आली, कोणाचा गिअर कसा वाजतो, हे घरी येऊन आईला सांगत. मग ओळखीचे ड्रायव्हर एकेक करून रिटायर झाले आणि त्यांचं जाणं बंद पडलं. घरात बोलणंही कमी झालं. मी मोताळ्याजवळच्याच शाळेत गणित शिकवते आणि आई-बाबांकडेच राहते, त्यामुळे ही शांतता मी रोज पाहत होते.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. एका दिवाळीला तो आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आला, सोबत खेळायचं स्टिअरिंग आणि पायात ठेवायचे ब्रेक-क्लच. त्याच्या फ्लॅटमध्ये नुसती अडगळ होत होती म्हणे. त्यावर एक खेळ होता, बस चालवायचा. इंटरनेटवरून वेगवेगळ्या गावचे लोक एकत्र येतात आणि आपापली बस घेऊन एका रांगेत लांबचा प्रवास करतात. त्याला ते काफिला म्हणतात. भावाने गंमत म्हणून बाबांना बसवलं. बाबांनी आधी खुर्ची पुढे-मागे सरकवून नीट केली, मग विचारलं, आरसा कुठं आहे. पंधरा मिनिटांनी भाऊ चहा प्यायला उठला आणि तो कॉम्प्युटर पुन्हा त्याच्या हाती आला नाही.

पुण्याला परत जाण्याआधी त्याने बाबांची गाडी लाईव्ह दिसेल अशी सोय करून दिली, म्हणजे त्यालाही तिकडून पाहता येईल. नेट माझ्या मोबाईलचं. ते पुरेल असं आम्हाला वाटलं होतं.

पुरलं नाही. एका संध्याकाळी चौदा बसचा काफिला चालला होता. चौकात लाल दिवा लागला, बाबांनी गाडी थांबवली. मी शेजारीच वह्या तपासत बसले होते, गाडी थांबलेली मी डोळ्यांनी पाहिली. दोन क्षणांनी पडदा गोठला आणि पुन्हा हलला तेव्हा बाबांची बस पुढच्या बसच्या अंगावर चढलेली होती. काफिल्याचा म्होरक्या नागपूरकडचा एक इंजिनियर होता. त्याने बाबांना काढून टाकलं आणि खाली लिहिलं, काका, आधी नीट शिका, मग या.

बाबांनी ते मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"मी बिरेक मारला होता," ते मला म्हणाले. "गाडी माह्यी थांबली होती."

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीवर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने आईने शिलाई मशीनवर टाकतात तसा कॉम्प्युटरवर एक जुना पडदा टाकला. मला ते सहन होईना. खेळ असला तरी ज्या माणसाने आयुष्यात कोणाला धडक दिली नाही, त्याला धडक दिली म्हणून हाकललं होतं.

मी त्या दिवसाचं आमच्याकडचं रेकॉर्डिंग काढलं, म्होरक्याने टाकलेलंही शोधलं आणि दोन्ही शेजारी लावून पाहिली. आमच्यात बस वेळेवर थांबत होती. त्याच्यात ती न थांबता घुसत होती. दोन्ही खरी होती. भावाला फोन केला तेव्हा कळलं की दोष हाताचा नाही, नेटचा आहे. आपण ब्रेक दाबल्याचा निरोप लांबच्या कॉम्प्युटरपर्यंत जायला आणि परत यायला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. तो वाढला की आपण थांबलेलो असतो, पण इतरांना चालतच दिसतो. मी हे बाबांना समजावायला बसले, तर त्यांनी मला मधेच थांबवलं.

"म्हंजे कंडक्टरनं घंटी मारली अन् मले ती पुढच्या ठेसनावर ऐकू आली, असंच ना?"

मी म्हटलं, हो, अगदी असंच.

मग मी घरासाठी नेट शोधायला निघाले. तोवर आमच्या घरात फ्रिज, टीव्ही, गाडी सगळं बाबांनी नाहीतर भावाने निवडलेलं. मोताळ्यात तेव्हा तीन पर्याय होते. एका मोठ्या कंपनीचा गच्चीवर बसवायचा, हवेतून नेट घेणारा डबा, दुसऱ्या मोठ्या कंपनीची तार आणि स्टँडमागच्या आमच्या गावच्याच केबलवाल्याची तार. पहिल्या दोघांची माणसं घरी येऊन गेली. दोघंही स्पीड सांगत होते, शंभर, दोनशे, तीनशे. मी पिंग विचारलं तर एक जण म्हणाला, "मॅडम, पिंग नाही येत आपल्यात, डायरेक्ट स्पीड येतो."

मी ठरवलं की कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही. ज्यांच्याकडे ही नेट होती त्यांच्या घरी जाऊन स्वतः मोजायचं. तेही दुपारी नाही, संध्याकाळी आठच्या सुमारास, कारण तेव्हाच घरोघरी मालिका आणि मॅच सुरू असतात आणि बाबांचा काफिलाही त्याच वेळी निघतो. माझ्या शाळेतल्या एका बाईंकडे गच्चीवरचा डबा होता. स्पीड खरंच भरपूर, पण पिंग एका मिनिटाला तीस मिलिसेकंद, पुढच्याला दीडशेच्या वर. वारा सुटला त्या संध्याकाळी तर विचारूच नका. दुसऱ्या कंपनीची तार मोठ्या रस्त्यापर्यंतच आलेली होती. आमच्या गल्लीत कधी येणार, याचं उत्तर दर वेळी "पुढच्या आठवड्यात" असं मिळे. केबलवाल्याची तार दोन गल्ल्या पलीकडे पिठाच्या चक्कीवाल्यांकडे होती. त्यांच्या ओसरीत मी पाच संध्याकाळी जाऊन बसले. त्यांना वाटलं, शाळेचा काही सर्व्हे आहे. स्पीड डब्याच्या निम्माही नव्हता, पण पिंग पाचही दिवस पंचविशीच्या आतबाहेर, जागचं हललं नाही.

सहाव्या दिवशी मी केबलवाल्याच्या दुकानात गेले. पन्नाशीचा माणूस, समोर तारांची भेंडोळी. मी विचारलं, बाबांची गाडी लाईव्ह दाखवायची म्हणजे इथून बाहेर जाणारा स्पीड लागेल, तो किती. त्याने मान वर केली. हा प्रश्न त्याला गावात पहिल्यांदाच कोणी विचारला असावा. म्हणाला, जेवढा येणारा तेवढाच जाणारा देतो. मी विचारलं, तार तुटते का.

"तुटते ना ताई. नालीसाठी खोदतात, जेसीबी येते, तुटते. तुटत नाही म्हनलं त खोटं हुईन. पन जोडाची मशीन माह्याजवळ हाय. मीच येतो."

याच उत्तराने माझं ठरलं. भावाला मात्र पटलं नाही. त्याचं म्हणणं, गावच्या केबलवाल्याचा काय भरवसा, मोठी कंपनी घे, स्पीड बघ. पूर्वी मी त्याचं ऐकलं असतं. त्या दिवशी मी म्हटलं, "तू स्पीडचं घेऊन बसलायस. बाबांची गाडी कधी स्पीडसाठी ओळखली जात नव्हती, वेळेसाठी ओळखली जायची. आपण वेळ पाळणारं नेट घेतोय." तो हसला.

केबलवाला स्वतः आला. त्याने सांगितलं की खेळासाठी वायफायने नेट घेऊ नका, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तारच टाका. भिंतीला भोक पाडायचं तर देवाच्या बाजूने नको, असं आई म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जाणारा जवळचा रस्ता तिनेच दाखवला.

नेट आलं, पण बाबा बसेनात. ज्यांनी काढलं त्यांच्याकडे न बोलावता जाणार नाही म्हणाले. मग मी म्होरक्याला दोन्ही रेकॉर्डिंग पाठवली आणि खाली शिक्षिकेच्या पद्धतीने मुद्देसूद लिहिलं, की या चालकाने कितव्या सेकंदाला ब्रेक दाबला आणि तो तुम्हाला कितव्या सेकंदाला दिसला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याने बाबांची माफी मागितली. बाबा म्हणाले, मी येतो, पण सगळ्यांच्या मागं राहीन.

त्या संध्याकाळी आईसुद्धा खुर्ची घेऊन बसली. बाबा लाईव्ह असताना चालवता चालवता बोलत होते, हा रस्ता असा, इथं गिअर असा. पाहणाऱ्यांपैकी पुण्याच्या एकाने लिहिलं, काका, जरा शुद्ध मराठी बोला. बाबांनी ते वाचलं, रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"मले हेच शुद्ध येते, बाप्पा," ते म्हणाले. "समजलं नाही त इचारजो, पुन्हा सांगीन."

पुढे घाट लागला. खेळातला पाऊस, उतार, वळणावर वळणं. पुढच्या बसेस घसरायला लागल्या, एक कठड्याला टेकली. म्होरक्याने सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, काका, तुम्ही पुढे येता का? बाबा सावकाश रांगेच्या पुढे गेले.

"उतारावर बिरेकच्या भरवशावर राहू नका," ते म्हणाले. "ज्या गिअरमधी गाडी चढते त्याच गिअरमधी उतरवा. माह्या मांगं या, घाई नोको."

चौदाच्या चौदा बस खाली उतरल्या. कोणी कोणाला लागलं नाही. बाबांनी बाजूला गाडी घेऊन हँडब्रेक ओढला, तेव्हा आईने पदराने डोळे पुसले आणि कांदा चिरत होते म्हणाली. कांदा कुठेच नव्हता.

लहानपणी मी कितीदा बाबांच्या गाडीत ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून बुलढाण्याला जाऊन आले आहे. समोर पाटी असायची, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. मी ती पाळायची. त्यामुळे राजूर घाट उतरताना बाबांच्या मनात काय चालतं, हे मला कधी कळलं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षांनी, चाळिशीला आल्यावर, मी ते पहिल्यांदा ऐकलं. त्या संध्याकाळी मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितकाच स्वतःचाही वाटला, आणि तो मी लपवला नाही.

पुढे पावसाळ्याआधी नाली खोदताना तार खरंच तुटली. केबलवाला दीड तासात मशीन घेऊन आला आणि बाबांशी घाटाबद्दल बोलत बोलत त्याने ती जोडली. आता गल्लीतल्या बायका नेट घेताना आधी मला विचारतात. मी कोणतं घ्या ते सांगत नाही, कसं मोजायचं ते सांगते.

बाबांच्या लाईव्हवर अकोल्याकडची एक मुलगी येऊ लागली. ती खऱ्या लाल गाडीवर ड्रायव्हर व्हायचं प्रशिक्षण घेत होती. भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा उचलताना गाडी मागे जाते, काय करू, असं तिने विचारलं. बाबांनी काफिल्याला पुढे जायला सांगितलं, आपली बस कडेला लावली आणि अर्धा तास तिला फक्त क्लच समजावला. दोन महिन्यांनी तिने लिहिलं की ती पास झाली. बाबा ते सांगायला कित्येक महिन्यांनी स्टँडवर गेले. मी ते शाळेत सगळ्यांना सांगितलं.